विजेवाचून चढणारे कवच : निकेलचा मुलामा आणि आपण

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुटीत आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. दहावीनंतर आय.टी.आय. पूर्ण करून तो आता वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात काम करतो. धातूच्या भागांवर मुलामा चढविणे, हे तेथील काम. त्याने खिशातून बोटभर लांबीचा एक पोलादी तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तुकडा आतून पोकळ होता, एका टोकास आटे होते, मधोमध आडवे छिद्र होते. बाहेरून, आतून, आट्यांच्या खाचांतून आणि छिद्राच्या कडेवरूनही सर्वत्र सारखीच, किंचित पिवळसर झाक असलेली रुपेरी चकाकी होती.

"सर, याला वीज लावलेली नाही," तो अभिमानाने म्हणाला. "नुसत्या गरम पाण्यात सोडला आणि निकेल आपोआप चढले."

मी विचारले, "आपोआप म्हणजे कसे?"

तो जरा गडबडला. "ते केमिकलवाल्या साहेबांना ठाऊक. आम्ही टाकीत सोडतो आणि काढतो."

मी इतिहासाचा शिक्षक. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ज्या धम्मात काहीही विनाकारण घडत नाही असे आपण प्रार्थनेनंतरच्या प्रवचनात मुलांना सांगतो, त्या धम्माच्या शाळेतून शिकून गेलेला मुलगा 'आपोआप' या शब्दावर थांबला होता. त्याला नीट उत्तर देता यावे म्हणून मी वाचले, जाणकारांना विचारले आणि त्यातून जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहे.

गंज : धातूचा परतीचा प्रवास

विदर्भास लोखंडाचा इतिहास जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोकांनी लोखंड गाळण्यासाठी वापरलेली भट्टी मिळाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात आपल्या भूमीतील माणसे दगडातून लोखंड काढीत होती. ते काढण्यास कोळसा आणि प्रचंड उष्णता खर्चावी लागते, कारण निसर्गात लोह ऑक्सिजनशी बांधलेले असते. आपण बळाने ही गाठ सोडवितो. हवा आणि पाणी मिळताच लोखंड ती पुन्हा बांधू पाहते. या परतीच्या प्रवासालाच आपण गंज म्हणतो. गंजाचा थर सच्छिद्र आणि ठिसूळ असल्याने तो खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही; पापुद्रे गळत राहतात आणि आतील धातू उघडा पडत जातो.

पाण्यात क्षार असतील तर हा प्रवास वेगाने होतो. हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांत पसरलेला आहे. तेथील भूजलात क्लोराइड व इतर क्षार विरघळलेले असतात. असे पाणी वीजवाहक असते. लोखंडाच्या पृष्ठभागावरील एका बिंदूवर धातू विरघळतो आणि शेजारच्या बिंदूवर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो. खारे पाणी या दोन बिंदूंमधील विद्युत्-मार्ग सुलभ करते. प्रत्येक गंजणारा नळ म्हणजे स्वतःलाच खाऊन संपणारी एक लहानशी बॅटरी असते.

याच संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन येथे, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील वस्तीने पाण्यासाठी जी साधने वापरली, ती मातीची असल्याने आजही जमिनीत शाबूत आहेत. आपल्या काळातील पाण्याचे साधन मात्र लोखंडी आहे. जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत घडलेल्या पोलादी हातपंपांच्या अनुभवावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध झाला आणि देशभर पोहोचला. गावकुसाबाहेरच्या वस्तीलाही स्वतःच्या दाराशी पाणी मिळण्याची सोय त्याने केली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्या घटनेचा अर्थ जाणणाऱ्या समाजाला या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणूनच पंपातून सकाळी तांबूस पाणी येऊ लागते आणि पुढे नळीला भोक पडून पंप बंद पडतो, तेव्हा तो केवळ यांत्रिक बिघाड राहत नाही. ज्या घरातील बाईला पुन्हा दूरवर हंडा घेऊन जावे लागते, तिच्यासाठी गंज हा सामाजिक प्रश्न होतो.

जुनी कवचे

धातूला दुसऱ्या धातूचे कवच चढविण्याची कल्पना जुनी आहे. आपल्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत येऊन भाता लावीत असे. तांब्या-पितळेचे भांडे तापवावयाचे, नवसागराच्या भुकटीने पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा आणि कथील फिरवून कापसाने पुसून घ्यावयाचे. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून साध्या कोळशाच्या शेगडीवर हे काम होत असे. आंबट पदार्थ तांब्यास लागून कळकू नयेत, यासाठी ते कवच होते. ते मऊ असल्याने लवकर झिजे आणि कल्हईवाल्यास पुन्हा हाक द्यावी लागे.

दुसरे कवच जस्ताचे. ज्यास आपण जी.आय. पाइप म्हणतो, तो वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पोलादी नळ असतो. जस्ताचे वैशिष्ट्य असे की ते लोखंडाऐवजी स्वतः झिजते. कवचास ओरखडा गेला तरी भोवतालचे जस्त आधी विरघळते आणि उघड्या पडलेल्या लोखंडास वाचविते. परंतु खाऱ्या पाण्यात हे आत्मसमर्पण लवकर संपते.

तिसरी रीत विद्युत्-विलेपनाची. धातूच्या क्षाराच्या द्रावणात वस्तू बुडवून तीस विजेच्या ऋण टोकाशी जोडले की द्रावणातील धातूचे कण तिच्यावर बसतात. मायकेल फॅराडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास याचे नियम मांडले : जितकी वीज वाहील तितकाच धातू बसेल. सायकलची चकाकणारी कडी, नळाच्या तोट्या या रीतीने तयार होतात. पण तीत एक अडचण आहे. वीज कोपऱ्यांवर आणि टोकांवर अधिक एकवटते, खोल छिद्रात आणि नळीच्या आतील बाजूस फारशी पोहोचत नाही. परिणामी कडेला थर जाड, खाचेत पातळ आणि आतील पोकळीत जवळजवळ शून्य असा असमान मुलामा चढतो. ज्याच्याजवळ आधीच आहे त्याला अधिक आणि जो आडोशाला आहे त्याला काहीच नाही, हा न्याय आपल्या समाजाला अपरिचित नाही.

एका अनपेक्षित निरीक्षणातून लागलेला शोध

निकेलच्या द्रावणातून हायपोफॉस्फाइट नावाच्या क्षाराच्या साहाय्याने निकेल मुक्त होते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी १८४४ सालीच नोंदविले होते. परंतु तेव्हा मिळाली ती केवळ काळी भुकटी. तिचे कवच होऊ शकेल, हे पुढील शंभर वर्षे व्यवहारात उतरले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ च्या सुमारास, अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे दोन संशोधक पोलादी नळ्यांच्या आतील बाजूस निकेल-टंगस्टनचा मुलामा विजेच्या साहाय्याने चढवीत होते. द्रावणातील सायट्रेटचे ऑक्सिडीकरण होऊन मुलामा बिघडत असे. ते टाळण्यासाठी त्यांनी द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातले. नळी बाहेर काढली तेव्हा आश्चर्य असे की जेथे वीज पोहोचावयास नको होती, त्या बाहेरील बाजूसही निकेल बसले होते. आणि एकूण निकेल फॅराडेंच्या नियमाने जितके बसावयास हवे त्याहून अधिक भरले. हिशेब शंभर टक्क्यांच्या पुढे गेला.

असे उत्तर आले की सामान्य माणूस मोजमाप चुकले म्हणून सोडून देतो. या दोघांनी तसे केले नाही. जास्तीचे निकेल विजेने आलेले नाही, तर ते रासायनिक क्रियेने आले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, वीज बंद करून तो पडताळला आणि १९४६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे जनरल अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन कॉर्पोरेशन या कंपनीत गुटझाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत औद्योगिक पातळीवर नेली. दाहक रसायने वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या टाक्यांना आतून निकेलचे अस्तर देणे, हे त्यामागील प्रयोजन होते. जे नियमात बसत नाही ते दडपून न टाकता त्याचे कारण शोधणे, हीच वैज्ञानिक वृत्ती होय.

टाकीत काय घडते

आता त्या 'आपोआप' शब्दाकडे वळू.

पहिली पायरी स्वच्छतेची. वस्तूवरील तेल-ग्रीस अल्कधर्मी द्रावणाने काढतात, गंजाचा सूक्ष्म थर आम्लाने काढतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने धुतात. या कामात कसूर झाली तर पुढील सर्व मेहनत वाया जाते; मुलामा चढलेला दिसतो, पण फोड येऊन सुटतो. मळलेल्या पृष्ठभागावर कोणतेही कवच टिकत नाही.

दुसरी पायरी मुख्य टाकीची. तीत प्रामुख्याने चार प्रकारचे घटक असतात. निकेल सल्फेट निकेल पुरविते. सोडियम हायपोफॉस्फाइट इलेक्ट्रॉन पुरविते. म्हणजे विजेने जे काम केले असते, ते येथे हे रसायन करते. लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्लासारखे पदार्थ निकेलला सैलसर धरून ठेवतात, जेणेकरून ते एकदम बाहेर पडू नये. आणि अत्यल्प प्रमाणात घातलेला स्थिरक द्रावण फुटू देत नाही. द्रावण साधारण ८५ ते ९० अंश सेल्सिअसवर राखतात आणि त्याची आम्लता पी.एच. ४.५ ते ५ च्या दरम्यान ठेवतात.

लोखंडाचा स्वच्छ पृष्ठभाग या द्रावणात आला की त्याच्यावर क्रिया सुरू होते. हायपोफॉस्फाइट आपले इलेक्ट्रॉन देऊन फॉस्फाइट होते, निकेल ते इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूपाने पृष्ठभागावर बसते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि थोडा फॉस्फरसही निकेलबरोबर थरात मिसळतो. महत्त्वाचे हे की बसलेले निकेल स्वतःच पुढील क्रियेस उत्प्रेरक ठरते. म्हणून पहिला थर बसल्यावर त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे कवच वाढत जाते. ही क्रिया जेथे जेथे द्रावण पोहोचते तेथे तेथे सारख्याच वेगाने होते. कोपरा आणि खाच असा भेद ती करीत नाही. त्या तुकड्याच्या आट्यांतही सारखीच चकाकी का होती, याचे उत्तर येथे आहे.

तासाला सुमारे १० ते २० मायक्रॉन थर चढतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सामान्य वापरासाठी २५ मायक्रॉनच्या आसपासचा आणि कठोर परिस्थितीसाठी ५० ते ७५ मायक्रॉनचा थर देतात. म्हणजे जाडसर थरही माणसाच्या केसाएवढाच असतो.

क्रिया चालू असताना द्रावण अधिक आम्लधर्मी होत जाते, निकेल घटते, फॉस्फाइट साचते. म्हणून कोणीतरी सतत तपासून अमोनियासारखे अल्क, निकेल आणि हायपोफॉस्फाइट योग्य मात्रेत घालीत राहावे लागते. उष्णता भलतीच वाढली किंवा धूळ पडली तर संपूर्ण द्रावण एकाएकी फुटते आणि निकेल वस्तूऐवजी टाकीच्या भिंतीवर व तळाशी बसते. तेव्हा येथे 'आपोआप' काहीच नाही. उष्णता, आम्लता, स्वच्छ पृष्ठभाग, इलेक्ट्रॉन देणारा क्षार, उत्प्रेरक धातू ही सर्व कारणे एकत्र आली तरच कवच उत्पन्न होते; एक जरी निघून गेले तरी ते थांबते. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत वर्गात समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

कवचाचे गुण आणि मर्यादा

हा मुलामा शुद्ध निकेलचा नसून निकेल-फॉस्फरसचा असतो आणि फॉस्फरसच्या प्रमाणावर त्याचे गुण ठरतात. फॉस्फरस १० टक्क्यांहून अधिक असेल तर थरात स्फटिकांची रचनाच राहत नाही. तो काचेसारखा अस्फटिक होतो. स्फटिकांच्या सीमारेषा नसल्याने गंजास आत शिरावयास वाट कमी मिळते. फॉस्फरस कमी असेल तर थर अधिक कठीण होतो. चढविलेला थर सुमारे ४०० अंश सेल्सिअसवर तासभर तापविला तर त्याचा कठीणपणा विकर्स मोजमापात साधारण ५०० वरून ९०० च्या पुढे जातो. मात्र तापविल्याने सूक्ष्म भेगा पडून गंजरोधकता घटू शकते. झीज रोखावयाची की गंज रोखावयाचा, हे आधी ठरवावे लागते. फॉस्फरस आणि गंज यांचे नाते निराळ्या प्रकारे दिल्लीच्या लोहस्तंभातही दिसते. त्या प्राचीन लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा तयार झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे.

झडपा, पंपाचे दांडे, छपाईयंत्रांचे रूळ, साचे, संगणकातील हार्ड डिस्कच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या, अशा असंख्य वस्तूंवर हे कवच असते. अन्य धातूंसाठी पूर्वतयारी वेगळी : ॲल्युमिनियमवर आधी जस्ताचा पातळ थर देतात, तांबे-पितळ या क्रियेस स्वतः उत्प्रेरक नसल्याने तेथे आधी निकेलचा झटका द्यावा लागतो, प्लास्टिकवर पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवितात.

परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. जस्त लोखंडासाठी स्वतः झिजते. निकेल तसे करीत नाही. ते केवळ भिंत आहे. भिंत अखंड आहे तोवर रक्षण पूर्ण. एक जरी छिद्र राहिले तर खाऱ्या पाण्यात त्या छिद्राखालील लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही वेगाने पोखरले जाते, कारण लोखंडापेक्षा निकेल अधिक अक्रियाशील असते. म्हणून खारपाणपट्ट्यातील हातपंपाच्या सर्व नळ्यांना निकेल चढवा, असे मी म्हणणार नाही. तेथे स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या हा अधिक सरळ उपाय आहे. निकेलचा उपयोग मोजक्या, अचूक मापाच्या भागांसाठी. तसेच चकाकते म्हणून हे कवच कल्हईच्या जागी स्वयंपाकाच्या भांड्यांवर सरसकट देणे योग्य नव्हे. कित्येक द्रावणांत स्थिरक म्हणून शिशाचा अंश असतो आणि आंबट अन्नात निकेलही उतरू शकते.

हात आणि डोके

त्या दिवशी निघताना मुलाने पाण्याचा पेला घेतला, तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांतील लाल चट्टे मला दिसले. "साबणाने होते सर," तो म्हणाला. हातमोजे मिळतात का, असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "तपासणीवाले येणार असले की मिळतात."

निकेलच्या क्षारांमुळे त्वचेस वावडे निर्माण होते आणि एकदा निर्माण झालेले वावडे बहुधा आयुष्यभर राहते. निकेलच्या संयुगांचे तुषार वा धूळ श्वासावाटे जाणे त्याहून घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेल संयुगांना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. टाकीतील वापरलेले द्रावण प्रक्रिया न करता नाल्यात सोडले तर ते पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरते. म्हणून टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा, हातमोजे, चष्मा, ॲप्रन आणि सांडपाण्यावर प्रक्रिया ही मालकाने केलेली मेहेरबानी नसून त्या कामाचा अविभाज्य भाग आहे. त्या मुलाला मी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले आणि डॉक्टरांना 'मी निकेलच्या टाकीवर काम करतो' हे वाक्य सर्वांत आधी सांगावयास बजावले.

येथे इतिहासाचा शिक्षक म्हणून एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ब्रेनर आणि रिडेल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले ते वर्ष १९४६. त्याच वर्षी आपल्या देशात कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी एकीकडे कामगारांच्या हक्कांचे कायदे पुढे नेले आणि दुसरीकडे, १९४२ साली गव्हर्नर जनरलना दिलेल्या निवेदनात, अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी आणि तांत्रिक प्रशिक्षणासाठी साहाय्य मिळावे अशी मागणी केली. या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग नाहीत. हक्काचा कायदा हाताचे रक्षण करतो. ज्ञान त्या हाताला डोक्याशी जोडते. कायदा आहे पण ज्ञान नाही, तर कामगाराला आपले चट्टे साबणाचे वाटतात.

जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. 'आम्ही सोडतो आणि काढतो, बाकी साहेबांना ठाऊक' या वाक्यात ती विभागणी आजही, जातीचे नाव न घेता, शिल्लक आहे. टाकीत हात घालणारा एक आणि टाकीचा पी.एच. जाणणारा दुसरा, ही रेषा जन्माने ठरत नाही. तिला ओलांडण्यासाठी दहावीच्या रसायनशास्त्राचे पुस्तक, थोडी चिकाटी आणि 'का' विचारण्याचे धैर्य एवढे भांडवल पुरते.

मी त्याला त्याच्याच कारखान्यातील पी.एच. मोजणे, निकेलचे अनुमापन करणे आणि थराची जाडी तपासणे शिकून घेण्यास सांगितले. या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आता तो प्रयोगशाळेतील साहेबांजवळ रोज अर्धा तास बसतो, नोंदवही स्वतः लिहितो आणि विज्ञान शाखेच्या बहिःस्थ परीक्षेची चौकशी करीत आहे. हातमोजेही रोज घालतो; न मिळाल्यास मागतो आणि मागितल्याची नोंद त्याच वहीत करतो.

तो पोलादी तुकडा आता आपल्या शाळेच्या विज्ञानकक्षात ठेवला आहे. शेजारी आवारातील जुन्या हातपंपाच्या गंजलेल्या नळीचा एक तुकडाही ठेवला आहे. पालक आणि माजी विद्यार्थी शाळेत आले की त्यांनी दोन्ही हातात घेऊन पाहावेत, आणि जवळ उभ्या असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास विचारावे, हे असे का झाले? 'आपोआप' असे उत्तर आले, तर आम्हा शिक्षकांना जरूर कळवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!